दिवा राहू द्या, तारीख सांभाळा

मंचरकडच्या एका वाचकांचं चार पानी पत्र समोर आहे. त्यातली साडेतीन पानं मोटरसायकलच्या हेडलाइटवर आहेत.

थोडक्यात हकीकत अशी. हे चाकणला दुसऱ्या पाळीत कामाला आहेत, घरी पोचायला रात्रीचे साडेबारा होतात. आतल्या रस्त्याला खड्डे दिसत नाहीत म्हणून २०१९ च्या गाडीतला मूळ ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब काढून त्यांनी दुकानातून पांढराशुभ्र एलईडी बसवून घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये दुपदरी रस्त्यावर समोरून एक स्कूटरवाला आला. तो म्हणतो, या उजेडानं माझे डोळे दिपले. त्याच्या बाजूला कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. स्कूटर तिच्यावर आदळली, मांडीचं हाड मोडलं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा आला. आपले वाचक जाबदेणार (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) क्रमांक एक, त्यांची विमा कंपनी क्रमांक दोन, ट्रॉलीमालक तीन. कंपनीनं पत्र पाठवलंय की गाडीत अनधिकृत बदल केल्यामुळे आम्ही जबाबदार नाही. वाचकांचा प्रश्न: एलईडी बेकायदेशीर नव्हता हे सिद्ध कसं करू?

आणि चौथ्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय, ‘कोर्टाचं समन्स आलं होतं, पण विमा कंपनी बघून घेईल म्हणून मी गेलो नाही. आता मोबाइलवर माझ्या नावापुढे एक्स पार्टे असं दिसतंय. पुढची तारीख अर्जदाराच्या पुराव्याची आहे.’

अहो, पत्र इथून सुरू करायचं होतं.

या धाटणीची पत्रं मला सतत येतात. कुणाचा सायलेन्सर असतो, कुणाचे जादा फॉगलॅम्प, कुणाचा रुंद टायर. गाडीबद्दल सगळे भरभरून लिहितात. समन्स मात्र फ्रिजवर, विजेच्या बिलाखाली पडलेलं असतं. एक्स पार्टे म्हणजे तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम झालाय. याचा अर्थ अर्जदार जे सांगेल ते उलटतपासणीशिवाय रेकॉर्डवर जाणार. विमा कंपनी जे सांगेल तेही.

तरी तुमचं नशीब बरं. दावा अजून पुराव्यावर आहे, निकालावर ठेवलेला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९, नियम ७ खाली तुम्ही पुढच्या तारखेला किंवा तिच्या आधी हजर होऊन, गैरहजेरीचं सबळ कारण देऊन, एकतर्फी हुकूम रद्द करून मागू शकता. पण युक्तिवाद संपून न्यायाधीशांनी ‘निकालासाठी’ अशी नोंद केली की हा दरवाजा बंद. सर्वोच्च न्यायालयानं अर्जुनसिंग वि. मोहिंद्रकुमार या खटल्यात १९६३ सालीच हे सांगितलंय. त्यानंतर निवाडा होईपर्यंत हात बांधून बसायचं आणि मग एकतर्फी निवाडा रद्द करून मागणारा नियम १३ चा अर्ज करायचा, नाहीतर अपील. अपिलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे ९० दिवस मिळतात, पण ज्याच्यावर रक्कम बसली आहे त्यानं २५ हजार रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यातली कमी असेल ती आधी भरावी लागते. आज जे काम वकीलपत्र आणि दोन पानी अर्जात होईल त्याला उद्या उच्च न्यायालय गाठावं लागेल, आणि तिथे किती वर्षं जातील ते मी लिहीत नाही, तुम्हाला झोप लागायला हवी.

‘विमा कंपनी बघून घेईल असं वाटलं’ हे सबळ कारण ठरेल का? खात्री देत नाही. पण जे खरं आहे तेच प्रतिज्ञापत्रात लिहा; आजारपणाचं सर्टिफिकेट पैदा करू नका. माझा अनुभव असा की पुराव्याच्या टप्प्यावर आलेला माणूस बहुतेकदा काही कॉस्ट (खर्चाची रक्कम) लावून आत घेतला जातो. समजा अर्ज नामंजूर झालाच, तरी दावा आहे तिथून पुढे तुम्हाला भाग घेता येतो, साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. संग्रामसिंग खटल्याचा १९५५ चा निकाल आजही त्यासाठी चालतो. फक्त मागचं पुसलं जात नाही.

आता मी तारखेवर एवढी का अडून बसले ते सांगते. कंपनीच्या पत्रानं तुम्ही हादरलात, पण ते पत्र कायद्यापुढे फारसं टिकणारं नाही. आणि ते टिकत नाही हे कोर्टात सांगायला तिथे तुमच्याखेरीज दुसरं कुणी नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १५० पोटकलम २ काढा. जखमी तिऱ्हाइताच्या दाव्यात विमा कंपनीला कोणत्या कारणांवर अंग काढून घेता येतं त्याची तिथे यादी आहे, आणि ती बंद यादी आहे. परवाना नसताना गाडी भाड्यानं चालवणं, शर्यत लावणं, परमिटबाहेरचा वापर, लायसन्स नसलेला किंवा दारू प्यायलेला चालक, युद्ध-दंगल, विमा काढताना महत्त्वाची गोष्ट लपवणं, हप्ताच न मिळणं. एक बाब तर दुचाकीला साइडकार जोडलेली नसण्याची आहे. साइडकार रस्त्यावर शेवटची कधी पाहिली ते मला आठवत नाही, पण कायद्याला ती आठवते. हेडलाइटचा बल्ब बदलणं त्या यादीत नाही. ‘अनधिकृत बदल’ ही अट पॉलिसीत असेल, तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम असता तर तिच्यावर झगडा झालाही असता. तिऱ्हाइताच्या दाव्यात कंपनीला या यादीतलंच एखादं कलम दाखवावं लागेल, आणि ते सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. स्वर्णसिंग खटल्यात २००४ मध्ये हे स्पष्ट झालंय.

एक फट मात्र आहे, आणि कंपनीचा वकील जागा असेल तर तो तिथूनच शिरेल. महत्त्वाची गोष्ट लपवली, हा मुद्दा. म्हणून मला दोन तारखा हव्यात: एलईडी कधी बसवला आणि पॉलिसीचं नूतनीकरण कधी झालं. आधी पॉलिसी आणि मग दिवा असेल, तर लपवलं म्हणायला जागा उरत नाही. उलट असेल, तर प्रपोजल फॉर्ममध्ये बदलांबद्दल प्रश्न विचारला होता का ते बघावं लागेल; ऑनलाइन नूतनीकरणात पुष्कळदा कुणी विचारतही नाही. दुकानाची पावती शोधा.

यावर कुणी बोललंच नाही तर काय होतं? आधी कंपनीनं भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असा हुकूम होऊ शकतो. कोर्टात त्याला सरळ ‘पे अँड रिकव्हर’च म्हणतात. तसा हुकूम झाला की जखमीला पैसे मिळतात, कंपनी तुमच्या मागे लागते आणि सातबाऱ्यापर्यंत पोचते. मांडीचं हाड, ऑपरेशन, बुडालेला रोजगार, आलंच तर कायमचं अपंगत्व, रक्कम लाखांतच जाणार.

कंपनीचा वकील तुमचाही वकील आहे, हा भ्रम आधी काढून टाका. तुम्ही दावा लढवत नाही हे दिसल्यावर कंपनी कलम १७० खाली परवानगी घेऊन निष्काळजीपणाच्या मुद्द्यावरही लढू शकते. म्हणजे तुमची काहीच चूक नव्हती असं तिचा वकील सकाळी सांगेल, आणि असली तरी ती निस्तरायची यांनीच, असं दुपारी.

आता दिव्याकडे येते, कारण साडेतीन पानं तुम्ही त्यावर खर्च केलीत. ‘मी डिपरवरच होतो, आणि दिवा तर सरकारनंच सतत चालू ठेवायला लावलाय’ हा तुमचा बचाव मांडायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा दिवा इंजिनाबरोबर पेटतो हे खरं; तेव्हा सुरुवातीला भरदुपारी समोरचा प्रत्येक जण मूठ उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ असं खुणावायचा. पण दिवा चालू ठेवणं वेगळं आणि समोरच्याच्या डोळ्यांत मारणं वेगळं. तुमच्या मूळ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. वर उडणारा उजेड ती अडवते, आणि बल्बमागचा आरसा (रिफ्लेक्टर) त्या तारेची जागा धरूनच घडवलेला असतो. एलईडीचा तुकडा दोनचार मिलिमीटर इकडेतिकडे बसला तरी आरशाचं गणित बिघडतं. बटण डिपरवर असतं आणि उजेड झाडाच्या शेंड्यावर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ याबद्दल अगदी मापात बोलतो: दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला दिपवता कामा नये. स्कूटरवर बसलेल्या माणसाचा डोळा साधारण कुठे येतो ते टेप लावून बघा.

तेव्हा ‘एलईडी कायदेशीर होता’ हे सिद्ध करायच्या नादी लागू नका. कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करू देत नाही आणि कलम १८२-अ पोटकलम ४ मध्ये मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलंय. बल्बच्या अदलाबदलीला ते किती लागू होतं यावर वाद घालता येईल. पण तो वाद तुम्ही जिंकलात तरी या दाव्यात त्यानं फरक पडत नाही, आणि हरलात तरी सगळं संपत नाही. नियम मोडला एवढ्यानं निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही. त्या मोडण्यामुळेच अपघात झाला हा धागा जोडून दाखवावा लागतो. २०२० च्या मोहम्मद सिद्दिकी खटल्यात एका दुचाकीवर तिघे बसले होते, तरी सर्वोच्च न्यायालयानं तेवढ्यावर मृताच्या वारसांची भरपाई कापू दिली नाही. तो मुद्दा भरपाई मागणाऱ्याच्या बाजूचा होता, पण तर्क तुम्हालाही वापरता येईल: दिव्यानं नसतं दिपवलं तरी बिनारिफ्लेक्टरची ट्रॉली त्या अंधारात स्कूटरवाल्याला दिसली असती का? उलटतपासणीत विचारायचा प्रश्न हा आहे. आणि तो विचारायला कोर्टात असावं लागतं.

ट्रॉलीमालकाचा दोष सिद्ध झाला तरी सुटल्यासारखं वागू नका. दोघांच्या चुकीतून तिसरा जखमी झाला तर तो सगळी रक्कम कुणा एकाकडूनही मागू शकतो. खेन्येई खटल्यातला २०१५ चा निकाल तसाच आहे. वाटणी आपापसात नंतर.

‘माझी गाडी त्याला लागलीच नाही’ हे वाक्य पत्रात पाच वेळा आहे. धडक व्हावीच लागते असं कायद्यात नाही, ‘मोटार वाहनाच्या वापरातून’ अपघात उद्भवला की पुरतं. १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात हायवेवर पेट्रोलचा टँकर उलटला, काही तासांनी गावकरी पेट्रोल भरून घेत असताना स्फोट झाला, आणि तोही वाहनाच्या वापरातूनच झालेला अपघात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये शिवाजी दयानू पाटील खटल्यात ठरवलं. आडव्या पडलेल्या, बंद टँकरला जर हे लागू, तर चालत्या गाडीच्या दिव्याला का नाही?

फौजदारी केसबद्दल मी हात राखून लिहिते, कारण दोषारोपपत्र मी पाहिलेलं नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५ लावली असावीत. कोर्टाच्या आवारात कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगेल, ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’. तसे मोकळे होऊ नका. ती कबुली दुसऱ्याच आठवड्यात न्यायाधिकरणात तुमच्याविरुद्ध दाखल होईल.

पोलिसांनी दिलेल्या फॉर्म ३ आणि ४ वर तुम्ही कोऱ्या सह्या केल्यात, असंही लिहिलंय. २०२२ च्या नियमांप्रमाणे चालकानं आणि मालकानं ते ३० दिवसांत माहिती भरून द्यायचे असतात. कोरे! तुमच्या नावावर तिथे काय लिहिलं गेलंय ते कैफियत (दाव्याला तुमचं लेखी उत्तर) लिहिण्याआधी कळलं पाहिजे. न्यायाधिकरणातून पूर्ण अपघात अहवालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत हेडलाइटबद्दल एक ओळ असेल, नसेलही. बऱ्याचदा ब्रेकपलीकडे कुणी बघत नाही.

शेवटचं, आणि यावर माझी चर्चेची तयारी नाही. तुम्ही अपघातानंतर पंधरा दिवसांनी जुना हॅलोजन परत बसवलात आणि आता विचारताय की ‘पहिल्यापासून हाच होता’ असं सांगितलं तर चालेल का. नाही. स्कूटरवाला दिव्याचं वर्णन करून गेलाय, दुकानदाराकडे बिल आहे, तुमच्या फोनमध्ये ‘नवीन लाइट’ म्हणून फोटोही असणार. आणि शपथेवर खोटं सांगणं हा न्याय संहितेच्या कलम २२९ चा वेगळा गुन्हा आहे. काढलेला एलईडी फेकला नसेल तर त्याच्या खोक्यासकट कपाटात ठेवा आणि तो कुठे आहे हे तुमच्या वकिलांना सांगा.

जाताना विम्याची पॉलिसी, नूतनीकरणाची प्रत, लायसन्स, कंपनीचं ते पत्र, समन्स (लिफाफ्यासकट, त्यावरची पोस्टाची तारीख लागेल) आणि बल्बची पावती घ्या. वकील आदल्या दिवशीच गाठा, कारण एकतर्फी हुकूम रद्द करण्याच्या अर्जासोबत कैफियतही तयार हवी; नुसता अर्ज घेऊन गेलात तर आणखी एक तारीख पडेल आणि कोर्टाचा पाराही चढेल. पाळीची सुट्टी आजच टाका. कोर्टाची वेळ अकराची आहे, तुम्ही साडेदहाला दाराशी असा.