वय साडेचार, वाचन तिसरीचं

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा, मोठ्या शिशुत आहे. एसटीच्या पाट्या, पेपरातले मथळे घडाघडा वाचतो, दोन अंकी बेरजा तोंडी करतो. पण अक्षर गिचमिड, आणि चित्र मनासारखं जमलं नाही की कागद फाडून रडतो. बाई म्हणतात, एका जागी बसत नाही. तो खरंच असामान्य हुशार आहे का? वर्ष वाचवून पहिलीत घालावं का? – एक आई, सांगली

उत्तर : लवकर वाचता येणं एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. आधी त्याला अर्थ नसलेला एखादा शब्द लिहून द्या, 'टमुकणी' वगैरे. वाचला, तर त्याला अक्षरं जोडता येतात. पाट्या नुसत्या पाठ झालेल्या नाहीत. मग चार ओळींची नवी गोष्ट वाचायला देऊन असं विचारा, ज्याचं उत्तर त्यात लिहिलेलं नाही : 'ससा का पळाला असेल?' फाडफाड वाचतो पण अर्थ लागत नाही, हाकेला वळत नाही, गप्पा मारत नाही, असं आढळलं तर मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. त्यात उशीर नको.

तसं काही नसेल, तर महिनाभर एक वही ठेवा. तारीख, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, आणि तो कशावरून सुचला. कुणी न सांगता एकाच विषयाकडे पुन्हा पुन्हा वळतो का, एका ठिकाणी कळलेलं दुसरीकडे लावतो का, हे त्यातून दिसतं. पाठांतरापेक्षा आम्ही याला जास्त वजन देतो.

अक्षर आणि रडणं यांत वावगं काही नाही. अशा मुलांची बुद्धी सात-आठ वर्षांची असली तरी बोटं आणि भावना साडेचारच्याच असतात. डोक्यातलं चित्र हाताला पेलत नाही, म्हणून कागद फाटतो. गोष्ट त्याने सांगावी, तुम्ही लिहावी. लेखन दिवसाला दहा मिनिटं पुरे; कणीक मळणं, मातीकाम भरपूर. 'किती हुशार रे!' असं सतत ऐकणारं मूल चुकायला घाबरतं. त्याऐवजी 'चाक दोनदा पुसून पुन्हा काढलंस' असं नेमकं बोला.

पुढच्या इयत्तेची पुस्तकं आणू नका. आहे तोच विषय खोल करा. 24 चिंचोके द्या आणि सारख्या ओळींचे चौकोन मांडायला सांगा. चारच्या ओळी केल्या तर सहा होतात, पाचच्या केल्या तर चार उरतात. मग एक चिंचोका काढून घ्या. 23चे कुठल्याच प्रकारे जमत नाहीत, नुसती एक लांब रांग होते. हे असं का, यावर त्याला झटू द्या. उत्तर सांगायची घाई तेवढी टाळा, सगळी गंमत तिथेच आहे.

बाईंशी 'आमचा मुलगा विशेष आहे' अशी सुरुवात केलीत की बोलणं अडतं. वहीतल्या दोन नोंदी दाखवा आणि विचारा, 'काम आधी संपलं तर त्याने काय करावं?' कोडं, पुस्तक, काहीही चालेल. तसलंच आणखी एक पान मात्र नको, ती शिक्षाच वाटते.

पहिलीसाठी सहा वर्षांची अट आहे, आणि ती नसती तरी आम्ही थांबाच म्हटलं असतं. दिवसभराचं लेखन त्या हाताला झेपणार नाही.

प्रश्न : आमच्या इथल्या क्लासमध्ये बोटांच्या ठशांवरून मुलीची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगतात. करून घ्यावं का? – एक पालक, नाशिक

उत्तर : अजिबात नको. ठशांचा नमुना आईच्या पोटातच ठरतो आणि तसाच राहतो. बुद्धी मात्र अनुभवानेही घडत जाते. ठशांवरून बुद्धी किंवा कल सांगण्याला शास्त्रीय आधार नाही. डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांचंही तेच : मूल नाकाशेजारच्या फटीतून बघतं. बुद्धिमापन हवंच असेल तर मानसशास्त्रज्ञाकडे बिने-कामत चाचणी करता येते. सहाच्या आतले आकडे फार बदलतात, म्हणून घाई नको. चाचणी घरच्या भाषेत व्हावी, मूल झोपून-जेवून आलेलं असावं. मुलगी घरी अहिराणी बोलत असेल आणि चाचणी इंग्रजीत झाली, तर अंक हमखास कमी येतो. अहवालात नुसता आकडा नको, कुठे बळ आहे आणि कुठे अडतं हेही लिहून मागा.