पद मागण्यापूर्वी कपाट उघडून पाहा

पुणे, फेब्रुवारीचा पहिला आठवडा

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

महाविद्यालयाच्या शोध व बचाव पथकात पुढच्या वर्षी कोणत्या पदासाठी नाव द्यावे, असे तू विचारले आहेस, आणि पत्राच्या सुरावरून पथकप्रमुखपद तुझ्या मनात घर करून बसले आहे हे मी ओळखले. माझे मत आधीच सांगतो: पहिल्या वर्षी साहित्यप्रमुख हो, नाहीतर संपर्कप्रमुख हो.

आपल्याकडच्या अशा पथकांची मूळ अडचण वेळापत्रकातच आहे. प्रवेश जून-जुलैत होतात, नवे पदाधिकारी त्यानंतर निवडले जातात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत ताम्हिणी, लोहगड, अंधारबन या वाटा पावसाने निसरड्या आणि माणसांनी भरलेल्या असतात. म्हणजे मदतीची हाक येण्याची शक्यता ज्या काळात सर्वांत जास्त, त्याच काळात किल्ल्या आणि नोंदी एका हातातून दुसऱ्या हातात जात असतात. मी स्वतः एका जुलैत साहित्यप्रमुख झालो आणि दहाव्याच दिवशी, रात्री, मुळशीच्या बाजूने निरोप आला. स्ट्रेचर कपाटात होते, कपाटाची किल्ली माझ्या आधीच्या साहित्यप्रमुखाच्या खिशात होती, आणि तो नोकरीवर रुजू होण्यासाठी बंगळुरूला गेला होता. कुलूप तोडण्यात आमची चाळीस मिनिटे गेली. पाय मोडलेला तो मुलगा सुखरूप घरी गेला, पण आम्ही पोहोचलो तेव्हा गावकऱ्यांनी बांबू आणि घोंगडीची डोली करून त्याला निम्मी वाट खाली आणले होते. त्यांच्यापैकी कोणी आम्हाला एका शब्दानेही बोलले नाही, हे अधिक लागले. पदभार फेब्रुवारीत सोपवावा आणि जुन्या पदाधिकाऱ्याने मेअखेरपर्यंत नव्याच्या शेजारी उभे राहावे, हा माझा हट्ट तेव्हापासूनचा आहे.

साहित्यप्रमुखाचे काम म्हणजे सामान मोजणे, असा समज आहे. खरे काम दोराची नोंदवही राखणे हे आहे. बचावकार्यात माणूस उतरवायला कमी ताणला जाणारा दोर लागतो, प्रस्तरारोहणात पडणाऱ्याचा झटका झेलायला ताणला जाणारा लागतो, आणि अंधारात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ते वेगळ्या पिशव्यांत, वेगळ्या खुणेने ठेवायचे. प्रत्येक दोराचे निर्मितीवर्ष, तो कधी वापरला, त्यावर दगड पडला का, कोणी बूट ठेवून उभे राहिले का, हे त्याच दिवशी लिहायचे. न वापरलेल्या दोरालाही उत्पादक बहुधा निर्मितीपासून 10 वर्षांचीच मर्यादा घालतात. नायलॉनला बॅटरीतल्या आम्लाची नुसती वाफ लागली तरी दोर आतून कमकुवत होऊ शकतो आणि वरून काहीच दिसत नाही, तेव्हा गाडीच्या डिकीत जुन्या बॅटरीशेजारी तो कधीही ठेवू नकोस. ओला दोर सावलीत वाळव. शंका आलेला दोर ‘सरावाला चालेल’ म्हणून कोणी मागेल. त्याचे वीतभर तुकडे करून टाक, म्हणजे वाद मिटतो.

संपर्कप्रमुखाचे काम याहून कठीण आणि अधिक अदृश्य आहे. आज रात्री कोण येऊ शकतो, कोणाची उद्या परीक्षा आहे, चारचाकी कोणाकडे आहे, ही यादी दर आठवड्याला खरी ठेवायची. हाक थेट आली तरी आधी 112 ला कळवले आहे का हे विचारायचे, कारण विद्यार्थ्यांचे पथक पोलिसांनी किंवा तहसीलदारांनी बोलावल्याशिवाय निघत नाही. मग बाकीचे प्रश्न: किती जण आहेत, शेवटची ओळखीची खूण कोणती, फोनची बॅटरी किती उरली आहे, कोणाला दमा किंवा मधुमेह आहे का. अडकलेल्यांना जागचे हलू नका आणि फोन वाचवा, असे सांगायचे. 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा ती गोष्ट बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. माहिती कुठून येईल ते आपल्या हाती नसते. ती आल्यावर नीट लिहून घेणे मात्र असते.

आता पथकप्रमुखपदाबद्दल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची, म्हणजे आपत्तीच्या वेळी कोणी कोणते काम पाहायचे हे ठरवणाऱ्या पद्धतीची, मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्या पद्धतीत एका माणसाच्या हाताखाली साधारण पाचच जण असावेत असे धरतात आणि सुरक्षा अधिकाऱ्याचे काम वेगळ्या माणसाकडे देतात. ही दुसरी गोष्ट विद्यार्थी पथकांत हटकून राहून जाते. प्रमुखच सुरक्षाही पाहतो, आणि उत्साहाच्या भरात स्वतःलाच ‘थांब’ म्हणायला विसरतो. तू पुढे प्रमुख झालास, तर तुला अडवण्याचा अधिकार असलेला एक माणूस आधी नेम. वाहत्या पाण्यात आणि सरकत्या दरडीवर मुलांनी उतरायचे नाही, त्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्यालाच आहे, हे त्या माणसाने तुला स्पष्ट सांगता आले पाहिजे.

प्रशिक्षणप्रमुखाने भरलेले स्ट्रेचर सहा-सहा जणांनी आळीपाळीने पर्वतीच्या 103 पायऱ्यांवरून चढवून-उतरवून घ्यावे. खांदे कुठे भरून येतात ते व्याख्यानात कळत नाही. खजिनदाराने पावत्या जपाव्यात. प्रसिद्धी पाहणाऱ्याने घरच्यांना कळण्याआधी कोणाचेही नाव किंवा छायाचित्र बाहेर जाऊ देऊ नये, आणि हे न जमणाऱ्याला ते पद देऊच नये.

आईवडिलांना अजून सांगितले नसशील, तर नाव देण्यापूर्वी सांग. रात्री दोन वाजता दार उघडून निघताना घरात पहिल्यांदाच हा विषय निघणे बरे नव्हे.

येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही कपाट उघडून सगळे दोर हातभर-हातभर तपासणार आहोत. तूही ये, आणि येताना कोथरूडहून जुनी नोंदवही घेऊन ये. ती सध्याच्या साहित्यप्रमुखाच्या घरी आहे. किल्लीही मागून घे.

तुझा,
एक माजी साहित्यप्रमुख