पुण्यात ब्रह्मकमळाला पानं भरपूर आहेत, पण कळीच येत नाही. काय करू?

तुमच्या प्रश्नातलं मुख्य तेवढं आधी लिहिते. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये उत्तरेची बाल्कनी, आईकडून आणलेलं पान लावून चार वर्षं झाली, रोज पाणी घालता, पानं ग्रिलच्या वर गेली आहेत आणि अजून एकही कळी नाही. शेजारच्या काकूंनी मोठ्या कुंडीत हलवायला आणि भरपूर शेणखत घालायला सांगितलं आहे.

माझं मत विचाराल तर या दोन्ही गोष्टी आत्ता करू नका. तुमचं झाड उपाशी नाही. त्याला उजेड कमी पडतोय आणि थंडीच्या दिवसांत विश्रांती मिळत नाही. मी सहकारनगरला बरीच वर्षं हे झाड वाढवते, ओळखीपाळखीत पानंही पुष्कळ दिली आहेत. 'पानं येतात, फूल येत नाही' ही तक्रार जिथून जिथून आली, तिथे बहुतेक वेळा कारण या दोनपैकीच एक निघालं.

हे झाड निवडुंगाच्या कुळातलं असलं तरी वाळवंटातलं नाही. दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत ते मोठ्या झाडांच्या बेचक्यांत, सालीवर साचलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून राहतं. सह्याद्रीत आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी हे ऑर्किड वाढतं ना, तसंच. झाडाचा रस शोषत नाही, नुसता आधार घेतं. त्यामुळे त्याला लागतं काय, तर वरच्या फांद्यांतून गाळून आलेला भरपूर उजेड, मुळांभोवती खेळती हवा, पाऊस पडला की चिंब भिजणं आणि लगेच निथळून जाणं, आणि वर्षातले काही महिने कोरडे. (हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, ते अगदी वेगळं झाड आहे, सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याची माहिती वाचून बर्फाची आणि उंचीची काळजी करत बसू नका.)

आता उजेड. उत्तरेच्या बाल्कनीत झाड जगतं, पानंही काढतं, पण ती लांबुळकी, अरुंद आणि फिकट. तुमची तशीच असणार. शक्य असेल तर कुंडी पूर्वेच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये न्या. सकाळचं नऊ-दहापर्यंतचं कोवळं ऊन उत्तम. पूर्वेला जागा नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर हिरव्या शेडनेटखाली ठेवायची परवानगी मागा, ५० टक्के सावली देणारी नेट पुरते. मात्र एकदम उन्हात ठेवू नका. पंधरा-वीस दिवसांत हळूहळू सरकवत न्या. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि दुपारचं ऊन ही पानं सहन करत नाहीत. आधी पिवळी पडतात, मग तांबूस डाग पडून तिथे खपली धरते, आणि तो डाग पुन्हा हिरवा होत नाही.

तरी पिवळं पान म्हणजे ऊनच असं समजू नका. पान हाताला घट्ट लागलं तर ऊन जास्त झालं. बुडाशी मऊ, पाणचट लागलं तर मुळं कुजायला लागली आहेत. पान सुरकुतलं असेल तर पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे. माती ओली असूनही पान सुरकुतलेलं असेल तर मुळांनी काम सोडलं आहे. तिथे आणखी पाणी घातलंत तर झाड हातचं जाईल.

म्हणून रोजचं पाणी आजपासून बंद. मार्च ते मे वरची माती सुकली की घाला, साधारण दोन-तीन दिवसांनी लागेल. या झाडाची पानांवरची छिद्रं रात्री उघडतात आणि हवा तेव्हा आत घेतली जाते, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडलेलं त्याला मानवतं. पावसाळ्यात कुंडी पावसात भिजत असेल तर वेगळं पाणी नको, आणि कुंडीखालची ताटली काढूनच टाका. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात, डास होतात ते वेगळंच. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी घालावं लागत असेल तर मातीवर पांढरी पूड धरते. अशा घरांत पहिले चार चांगले पाऊस कुंडीवर पडू द्यावेत, क्षार धुऊन जातात.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते थंडीबद्दल, कारण ही गोष्ट कुणी सांगत नाही. पुण्यात हे फुलतं मुख्यतः पावसाळ्यात. त्यामुळे लोक मे महिन्यात जागे होतात आणि खतं घालायला लागतात. खरं तर त्याआधीचे कोरडे, गार महिनेच त्याला कळीसाठी तयार करतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत खत पूर्ण बंद ठेवा. पाणी आठ-दहा दिवसांनी, पानं सुरकुतणार नाहीत एवढंच. पुण्याच्या रात्री तेव्हा १०-१२ अंशांपर्यंत उतरतात, ती थंडी या झाडाला बाधत नाही, उलट हवीच असते. कुंडी उबेसाठी घरात आणू नका. इतकी झाडं प्रेमापोटी बारा महिने पाणी पिऊन नुसती पानं काढत राहिलेली मी पाहिली आहेत, की हे तळमळून सांगावंसं वाटतं.

फेब्रुवारीत हळूहळू पाणी वाढवा आणि मूठभर गांडूळखत द्या. एप्रिलपासून पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) जास्त असलेलं खत हवं. खताच्या दुकानात ०:५२:३४ मिळतं, ते लिटरला एक ग्रॅम या बेताने महिन्यातून दोनदा, ओल्या मातीत. रासायनिक नको असेल तर थोडं बोनमील चालतं. शेणखत वाईट नाही, पण जुनं, कुजलेलं आणि अगदी बेताचं. ताज्या शेणखताने आणि युरियाने पानांचाच जोर वाढतो.

मोठी कुंडी नको म्हटलं त्याचंही कारण झाडाच्या मूळ जागेतच आहे. बेचक्यात माती ती किती असणार? मुळं थोडी आवळलेली असली की हे झाड लवकर फुलतं. चार वर्षांच्या झाडाला दहा इंची मातीची कुंडी पुरेशी आहे. माती बदलायचीच झाली तर फुलांचा हंगाम सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये बदला. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, लाल माती एक भाग, गांडूळखत एक भाग आणि मूठभर विटांचे तुकडे किंवा लाकडी कोळसा. काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून ठेवते.

पानं छाटू का, असंही तुम्ही विचारलं आहे. ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं झालेलं खोड आहे, आणि कळी त्याच्या कडेच्या खाचेतूनच येते. तेव्हा जुनं, रुंद, जाड पान कापू नका, फूल तिथेच लागणार आहे. मधूनच काठीसारखा गोल फोक सरळ वर जातो, त्याचा शेंडा खुडला तर बाजूने चपटी पानं फुटतात. तेवढी छाटणी पुरे.

कळी दिसली की कुंडी फिरवू नका, जागा बदलू नका. उजेडाची दिशा आणि पाणी एकदम बदललं की कळ्या गळतात, फार वाईट वाटतं. तांदळाएवढ्या टिपक्यापासून फुलायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. सुरुवातीला देठ खाली लोंबतो, मग वळून कळी वर तोंड करते. ज्या दिवशी कळीचं टोक फुगलेलं आणि बाहेरच्या गुलाबीसर पाकळ्या सैल सुटलेल्या दिसतील, त्या रात्री फुलणार. अंधार पडल्यावर उमलायला लागतं, दहा ते बाराच्या दरम्यान पूर्ण उघडतं, उजाडेपर्यंत मान टाकतं. मूळ देशात लांब सोंडेचे मोठे पतंग रात्री त्यावर येतात, तो पांढरा रंग आणि तो घमघमाट त्यांच्यासाठीच. आपल्याकडे शेजारीपाजारी येतात, हळदकुंकू वाहिलं जातं. देवाला वाहायचं असेल तर पूर्ण उमलल्यावर खुशाल काढा, झाडाला काही होत नाही.

कीड फारशी लागत नाही. खाचांमध्ये कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारा. पावसाळ्यात गोगलगाई कोवळ्या कळ्या खातात, रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

काकूंना पान द्यायचं म्हणालात, तर होळीनंतर द्या. वीतभर लांबीचं, निरोगी, जुनं पान कापा आणि सावलीत पाच-सात दिवस नुसतं ठेवा. कापलेली कड सुकली पाहिजे, ओली लावली तर कुजते. देताना झाडाकडची बाजू खूण करून द्या, कारण तीच खाली जाते आणि मधला तुकडा असेल तर नंतर ओळखू येत नाही. दोन-तीन बोटं खोल, जेमतेम ओल्या मातीत रोवायचं, काडीचा आधार द्यायचा, आणि नवा फुटवा दिसेपर्यंत पाणी अगदी हात राखून.