नोकरी सोडून चौथ्यांदा एनक्लेक्स द्यावी का?

प्रश्न : मी परळच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये कायम स्टाफ नर्स आहे. नोकरीला चार वर्षे चार महिने झाले. मूळ वेतन 18 हजार आहे आणि हातात 34 हजार येतात. अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठी लागणाऱ्या एनक्लेक्स-आरएन परीक्षेत तीनदा नापास झाले. पहिल्या दोन वेळा संगणक 85 प्रश्नांवर थांबला, तिसऱ्यांदा 150 पर्यंत गेला. आता राजीनामा देऊन सहा महिने पूर्णवेळ क्लास लावावा असे वाटते. फी 1 लाख 40 हजार आहे. त्यासाठी तीन लाखांची एफडी मोडू, की आईच्या पाटल्या गहाण ठेवू?

उत्तर : तुम्ही खर्च म्हणून फक्त क्लासची फी धरली आहे. सहा महिन्यांचा बुडणारा पगार 2 लाख 4 हजार होतो. परीक्षेचे 200 डॉलर आणि अमेरिकेबाहेर परीक्षा देण्याचे 150 डॉलर मिळून करांसह 30 हजारांच्या पुढे जातात. शिवाय, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही, ती ग्रॅच्युइटी आहे. कायम कर्मचाऱ्याला ती सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते आणि दर वर्षामागे महिन्याच्या मूळ वेतनाच्या 15/26 या हिशोबाने पाच वर्षांचे सुमारे 52 हजार होतात. तुम्ही त्या रेषेपासून आठ महिने दूर आहात. म्हणजे हा निर्णय सव्वाचार लाखांचा आहे, आणि तुमची एफडी तीन लाखांची.

माझे मत स्पष्ट आहे : परीक्षा जरूर द्या, नोकरी सोडू नका.

तिसऱ्या प्रयत्नाला मी अपयश असूनही चांगली खूण मानतो. ही परीक्षा उत्तरांनुसार प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते आणि निकाल स्पष्ट झाला की थांबते. 85 वर थांबून नापास होणे म्हणजे उत्तीर्णतेच्या पातळीपासून स्पष्टपणे खाली असणे, तर 150 पर्यंत जाणे म्हणजे त्या पातळीच्या आसपास घुटमळणे. मग सगळा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून शिकवणाऱ्या क्लासला दीड लाखाच्या घरात पैसे का द्यायचे? नापास उमेदवाराला मिळणाऱ्या कामगिरी अहवालात प्रत्येक विषयात तुम्ही पातळीच्या वर, जवळ की खाली होता, हे लिहिलेले असते. तिन्ही अहवाल शेजारी ठेवा. जो विषय तिन्ही वेळा ‘खाली’ आहे, त्यापुरतीच शिकवणी आणि बाकी वेळ एका चांगल्या प्रश्नसंचावर. 2023 पासून परीक्षेत आलेल्या केस स्टडींचा (एकाच रुग्णावरच्या प्रश्नमालिकांचा) सराव त्यात असलाच पाहिजे. मेट्रनना भेटून काही महिने नाइट कमी करून घ्या आणि ईएल (अर्जित रजा) साठवून परीक्षेआधीचे तीन आठवडे मोकळे ठेवा. पगारातून दरमहा साडेसात हजारांची आरडी सुरू केली, तर आठ महिन्यांत 60 हजार जमतील. शुल्क आणि प्रश्नसंच त्यात बसतात, शिकवणी मोजकीच ठेवावी लागेल. दोन प्रयत्नांत किमान 45 दिवसांचे अंतर लागते. म्हणून घाई करण्यासारखे काही नाही.

पास झाल्यावर लगेच डॉलर सुरू होतील, हे गृहीत धरून कर्ज काढणे मला धोक्याचे वाटते. भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-3 या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या वर्गाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. उत्तीर्ण झाल्याने अमेरिकेतील मालकाला तुमच्यासाठी अर्ज दाखल करता येतो आणि रांगेतील तुमची तारीख ठरते. याला मोल नक्कीच आहे, पण त्याने गहाणाचे हप्ते फिटत नाहीत. पाटल्यांना म्हणूनच हात लावू नका. एफडीही राहू द्या. अगदीच गरज पडली तर मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या.

तुम्ही अमेरिकेतील कोणत्या राज्याच्या नर्सिंग मंडळाकडे अर्ज केला आहे, ते पत्रात नाही. फ्लोरिडात तीनदा नापास झालेल्यांना पुढच्या परीक्षेआधी उपचारात्मक (कच्चे विषय पक्के करून घेणारा) अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि तसे असेल तर 60 हजारांचे हे अंदाजपत्रक पुरणार नाही. आरडी उघडण्याआधी मंडळाकडून हे लेखी विचारून घ्या.