एअर रायफलवर स्कोपचा माउंट नीट बसत नाही, स्क्रू आवळले तरी हलतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की स्प्रिंगची एअर रायफल आहे, स्कोप आणि रिंगा (स्कोपची नळी धरणारी कडी) वेगवेगळ्या मागवल्या, आणि माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणारा भाग, रेलवर (रायफलीच्या वरच्या पट्टीवर) थोडा तिरका बसतो. तर आधी आवळणं थांबवा. माप चुकलं असेल तर जोर लावून फक्त स्क्रूचे आटे जातील. स्वस्त माउंट ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना तेवढंच निमित्त पुरतं.

छर्रा भरलेला नाही याची खात्री करा आणि व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) रेलची वरची रुंदी मोजा. ११ मिमीच्या आसपास आली आणि रेल म्हणजे लांबीभर कोरलेल्या दोन खोबणी असतील, तर तो डव्हटेल. बहुतेक एअर रायफलींवर हाच असतो. रुंदी २१ मिमीच्या आसपास आणि वर आडव्या खाचा असतील तर पिकाटिनी किंवा वीव्हर. विकणारे सरसकट 'रायफल स्कोप माउंट' म्हणून विकतात, त्यामुळे २१ मिमीचा माउंट ११ मिमीच्या रेलवर चढवायची खटपट कायम चाललेली दिसते. त्याला इलाज एकच, माउंट बदला, नाहीतर ११ ते २१ चं ॲडॉप्टर घ्या. टेप, पत्र्याचे तुकडे, एम-सील असलं काही नको.

पिकाटिनी आणि वीव्हरसुद्धा एक नव्हेत. पिकाटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद आणि खाचांमधलं अंतर ठरलेलं, १०.०१ मिमी. वीव्हरची खाच ४.५७ मिमी, अंतराचा नेम नाही. म्हणून वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर सहसा चालतात, पिकाटिनीच्या रिंगा वीव्हरवर लावल्या तर मात्र आडवा बोल्ट खाचेत उतरतच नाही आणि माउंट वर तरंगतो.

माप बरोबर असूनही तिरका बसत असेल, तर माझा पहिला संशय स्टॉप पिनवर. माउंट उलटा करून बघा, तळातून बारीक पिन किंवा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) बाहेर आलेला असतो; माउंट सरकू नये म्हणून ती असते. रायफलीवर त्याच्यासाठी भोक असेल तर ती पिन भोकात गेली पाहिजे. भोक नसेल किंवा पुढेमागे असेल, तर माउंट त्या पिनेवर टेकतो, माउंटचा जबडा (रेल पकडणारी कड) खोबणीत पूर्ण उतरत नाही, आणि आपण आवळत बसतो. पिन फिरवून माउंटच्या आत घ्या आणि पुन्हा बसवून बघा. पुढून डोळा लावून दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. खोबणीतलं तेल आणि रंगाचे पापुद्रेही स्पिरिटने पुसून काढा.

पण पिन कायमची काढून टाकू नका. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते, आणि पिस्टन थांबताना पुढे हिसका बसतो. त्या दुहेरी धक्क्याने माउंट हळूहळू मागे सरकतो. भोक नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉप लावा. दोन सुट्या रिंगांपेक्षा सलग एका तुकड्याचा माउंट घ्या, पकड जास्त मिळते. स्कोपही 'एअरगन रेटेड' हवा. हा उलटा हिसका साध्या स्कोपच्या आतल्या भिंगांना सोसत नाही.

रिंगांचं माप वेगळं बघायचं. स्कोपची नळी २५.४ मिमी की ३० मिमी, त्याच मापाची रिंग. रिंगेच्या वरच्या टोपीचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा, साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंत. टॉर्कचा पाना (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा) नसेल तर ॲलन कीची आखूड बाजू दोन बोटांत धरून. जास्त आवळलं की नळी चेपते.

(१० मीटरच्या स्पर्धेसाठी रायफल घेतली असेल तर हा सगळा खटाटोप नकोच. तिथे भिंगाचा स्कोप चालत नाही, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची, भिंग नसलेली साइट) लागते, आणि ती याच ११ मिमीच्या डव्हटेलवर बसते.)

सगळं बसलं की माउंटच्या मागे रेलवर पेन्सिलीची रेघ मारा, थोडे छर्रे झाडा आणि रेघ बघा. तरीही सरकत असेल तर रेलची रुंदी आणि माउंटच्या तळाचा फोटो इथेच टाका, मग नेमकं सांगता येईल.