२४ फुटी फायबर बोट समुद्रात न्यायची असेल, तर ४० एचपीचे इंजिन पुरेल का?

आपण विचारले आहे की, मालवणहून १५-२० किलोमीटरपर्यंत गळाच्या मासेमारीसाठी जाणाऱ्या २४ फुटी फायबर बोटीला ४० एचपीचे आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायचे इंजिन) पुरेल की ६० चे घ्यावे, आणि पेट्रोल कशात वाचेल. ४० घेऊ नका, आणि पेट्रोल वाचवण्यासाठी तर मुळीच घेऊ नका, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्यासारखीच बोट मी आणि माझे थोरले बंधू यांनी भागीदारीत घेतली, तेव्हा त्यांचा आग्रह ४० एचपीचा होता. विक्रेत्याने कर्लीच्या खाडीत, सपाट पाण्यात, तिघांना बसवून बोट पळवून दाखवली आणि ती खरोखर छान पळाली. पुढे फेब्रुवारीत आम्ही सहा जण बर्फ, नांगर, दोरखंड आणि ५० लिटर पेट्रोल घेऊन वेंगुर्ला रॉक्सकडे निघालो. मी आणखी एक कॅन मागत होतो. वजन वाढेल म्हणून बंधूंनी तो धक्क्यावरच ठेवायला लावला. हे खडक मालवणच्या सरळ दक्षिणेला सुमारे १० सागरी मैलांवर (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) आहेत. जाताना वारा नव्हता, तरीही बोट पाण्यावर उचललीच नाही, म्हणजे पाणी कापणे सोडून त्यावरून सरकत पळू लागली नाही. नाळ (बोटीचे पुढचे टोक) आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात रुतलेला आणि थ्रॉटल शेवटपर्यंत ओढलेला, अशा अवस्थेत आम्ही जेमतेम १० नॉटने (ताशी १० सागरी मैल) तिथे पोहोचलो. दुपारी परत निघालो तेव्हा वायव्येचा वारा सुटला होता आणि घर उत्तरेला होते. लाटा नाळेच्या डाव्या बाजूवर घेत ५-६ नॉटने येताना सिंधुदुर्ग किल्ला दिसू लागला आणि पेट्रोल संपले. आम्ही नांगर टाकला. तासाभराने एका मच्छीमार बोटीच्या तांडेलाने आम्हाला ओढून आणले; त्याने पैसे घेतले नाहीत, हे आजही आठवते.

बंधू आजही म्हणतात की चूक पेट्रोल कमी घेतल्याची होती. ते मला मान्य नाही, कारण पेट्रोल कमी का पडले हाच खरा प्रश्न आहे. २४ फुटी बोटीची पाण्यातली लांबी साधारण २१ फूट धरली, तर पाणी कापत जाताना तिचा सहज वेग ६ नॉटच्या आसपास असतो. त्यापुढे स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ तिला चढावा लागतो, आणि तो चढून ती पाण्यावर सपाट झाली की मगच खर्च आटोक्यात येतो. आमचे इंजिन त्या चढावरच अडकले होते. पूर्ण थ्रॉटलला ते तासाला सुमारे १४ लिटर पीत होते, म्हणजे परतीच्या वाटेवर एका लिटरमध्ये अर्धा सागरी मैलसुद्धा कापला जात नव्हता. पुढे आम्ही २ इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकतो ते अंतर) पंखा लावून पाहिला; इंजिनचे मिनिटाचे फेरे ३००-४०० ने वाढले, पण सहा माणसांनिशी बोट काही उचलेना. शेवटी ९० एचपी बसवले. आता तीच माणसे आणि तेच सामान घेऊन बोट १८ नॉटने आरामात चालते आणि लिटरमागे जवळजवळ एक सागरी मैल देते. त्या वर्षापासूनची पेट्रोलची वही मी जपून ठेवली आहे, आणि बंधूंनी ती अजून उघडून पाहिलेली नाही.

म्हणून आधी भरलेल्या बोटीचे वजन मोजा: सांगाडा, इंजिन, पेट्रोल, माणसे, बर्फ, सगळे. आमचे १८०० किलो भरले. दर २०-२५ किलोंमागे १ एचपी धरला, तर ७२ ते ९० एचपी येतात. आपल्या बोटीचे वजन कमी असेल तर ६० चालेलही; ते न मोजता मी सांगू शकत नाही.

दोन ४० लावण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. एक बंद पडले की उरलेल्या एकावर बोट उचलत नाही, आणि दोन्ही एकाच टाकीतून पीत असतील तर पेट्रोलमधले पाणी दोघांनाही बंद पाडते. त्यापेक्षा एक मोठे इंजिन आणि स्वतंत्र टाकीचे ८-१० एचपीचे छोटे जवळ ठेवा; शांत पाण्यात ते ४-५ नॉटने घरी आणते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: हे सगळे पाण्यावर उचलणाऱ्या सपाट तळाच्या बोटींबद्दल आहे. जुन्या धाटणीच्या जड, गोल बुडाच्या होडीला १०-१५ एचपीचे डिझेल पुरते आणि तिथे जास्त ताकद वाया जाते. शिवाय बोट बांधणाऱ्याने ठरवलेली कमाल एचपी लेखी घ्या आणि ती ओलांडू नका. ९० चे इंजिन ४० पेक्षा सुमारे ६० किलोंनी जड असते आणि ते सगळे वजन मागच्या फळीवर येते.

चाचणी मात्र खाडीत घेऊ नका. पूर्ण माणसे आणि भरलेली टाकी घेऊन, दुपारी दोननंतर, वायव्येकडे तोंड करून घ्या. पूर्ण थ्रॉटलला इंजिन त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपर्यंत, बहुतेक ५००० ते ६००० पर्यंत, पोहोचते का ते पाहा. विक्रेता याला तयार नसेल, तर उरलेले पैसे देऊ नका.