आठवण येते म्हणजे निर्णय चुकला का?

बाळ दत्तक देण्यासाठी सोपवलेल्या स्त्रिया मला, म्हणजे त्यांच्या समुपदेशकाला, कायद्याचे प्रश्न फारसे विचारत नाहीत. काही आठवड्यांनी त्या पुन्हा येतात आणि बहुतेकींचा प्रश्न एकच असतो : "ताई, मला त्याची आठवण येते, म्हणजे माझं चुकलं का?" त्या प्रश्नाच्या निमित्ताने एक अनुभव लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

वैशाली तेवीस वर्षांची, मराठवाड्यातून नोकरीसाठी पुण्यात आलेली. मावशीबरोबर ती माझ्याकडे आली तेव्हा सातवा महिना सरत आला होता, गर्भपाताची मुदत कधीच उलटून गेली होती आणि ज्याच्याशी लग्न होईल असे ती धरून चालली होती, त्याने फोन उचलणे बंद केले होते. मावशींनी एक मार्ग आधीच शोधून ठेवला होता. ओळखीतली एक परिचारिका मूलबाळ नसलेल्या एका जोडप्याला बाळ परस्पर देणार होती आणि बाळंतपणाचा सगळा खर्च ते जोडपे करणार होते. मावशींच्या मनात पाप नव्हते. घरची अब्रू आणि भाचीचे पुढचे आयुष्य, एवढेच त्यांना दिसत होते. परंतु असे परस्पर मूल देणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार गुन्हा आहे आणि त्यात पैसा आला की प्रकरण मुलाच्या विक्रीपर्यंत जाऊ शकते, हे मला त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे लागले.

कायद्याची वाट त्यांना वाटत होती तितकी चव्हाट्यावरची नाही. बाळाला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आणले जाते, चौकशी आणि समुपदेशन होते आणि मग ज्याला सगळे 'सरेंडर डीड' म्हणतात त्या, बाळ सोपवत असल्याच्या दस्तऐवजावर सही होते. आई अविवाहित असेल तर सही तिची एकटीची पुरते, बाळाच्या वडिलांना शोधत बसावे लागत नाही; आणि टाकून दिलेल्या बाळाची जशी वर्तमानपत्रात सूचना देतात, तशी रीतसर सोपवलेल्या बाळाची दिली जात नाही. हे ऐकल्यावर मावशींनी पहिल्यांदा समोरचे पाणी प्यायले.

बाळ स्वतःजवळ ठेवण्याची शक्यताही आम्ही टाळली नाही, कारण ती तपासणे हे माझे कामच आहे. बालसंगोपन योजना, वसतिगृह, पाळणाघर, तिचा पगार, गावाकडचे घर, असे सगळे दोन बैठकांत बोलून झाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात बाळंत झालेल्या विधवेने मूल बरोबर न्यावे की तेथेच ठेवावे, हे तिच्या खुशीवर सोडलेले होते. आजही समुपदेशकाने याहून वेगळे काही करू नये, असे माझे मत आहे. वैशालीने सोपवण्याचे ठरवले.

मुलगा झाला. बाळाचे तोंड पाहू नये, म्हणजे माया जडत नाही, असा सल्ला तिला घरातून मिळाला होता. मला तो पटत नाही, आणि तिलाही पटला नाही. पहिले दोन दिवस तिने त्याला अंगावर पाजले.

पुढची चूक माझी आहे. कागदपत्रांची सगळी तयारी मी तिच्याकडून करून घेतली आणि पान्ह्याविषयी बोलायचे विसरले. बाळ गेल्यानंतर दोन दिवसांनी छाती दगडासारखी घट्ट झाली, शेजारच्या घरात कोणाचे तान्हे रडले की दूध वाहू लागे, आणि याला तिने देवाने दिलेली शिक्षा मानले. डॉक्टरांनी थंड शेक घ्यायला आणि दूध पुनःपुन्हा पिळून न काढायला सांगितले, कारण पिळत राहिल्याने ते वाढते. घरात मात्र ती बाळंतीण आहे हे कोणी धरलेच नव्हते. शेजारणी विचारतील म्हणून ना अळिवाची खीर, ना डिंकाचे लाडू. आठव्या दिवशी ती कपडे धूत होती. मी मावशींना बोलावून घेतले आणि पाळणा रिकामा असला तरी अंग बाळंतिणीचेच असते, असे जरा कडक शब्दांतच सांगितले.

सही केल्यानंतर आईला पुनर्विचारासाठी दोन महिने मिळतात आणि त्या काळात ती बाळ परत मागू शकते. एकेचाळिसाव्या दिवशी तिचा फोन आला, की तिला बाळ परत हवे आहे. मी विचारले, "तो तुला परत हवा आहे, की हे दुखणं थांबायला हवं आहे?" तिने रागाने फोन ठेवला. प्रश्न योग्य होता, पण तो फोनवर विचारायचा नव्हता, असे आता वाटते.

तीन दिवसांनी ती एक कागद घेऊन आली. खोलीचे भाडे, दुधाचा खर्च, रात्रपाळीत बाळापाशी कोण थांबणार, हे सगळे तिने स्वतः मांडले होते आणि शेवटच्या प्रश्नापुढची जागा कोरी होती. ती म्हणाली, "सातव्या महिन्यातही हीच जागा कोरी होती." त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत ही जागा भरली गेली, तिची आई तयार झाली आणि त्रेपन्नाव्या दिवशी त्या दोघी बाळ घेऊन घरी गेल्या. आठवण दोघींनाही सारखीच येत होती. म्हणून मी वैशालीला सांगितले, की आठवणीवरून निर्णयाची पारख करू नकोस, त्या कागदावरून कर. आणि आठवण आली तर ती येऊ दे, ती तू त्याची आई आहेस म्हणून येते. मात्र झोप उडाली, जेवण तुटले, जगू नये असे वाटू लागले, तर ती आठवण समजू नये आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास एक दिवसही लावू नये, हेही त्याच बैठकीत बोलणे झाले.

"तो मोठा होऊन माझा तिरस्कार करेल," ही तिची दुसरी भीती. दत्तक गेलेली व्यक्ती मोठेपणी आपले मूळ शोधू शकते. आईने नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर तिच्या संमतीशिवाय ते उघड करत नाहीत, पण कोणत्या परिस्थितीत बाळ सोपवले गेले, हे त्या व्यक्तीला कळू शकते. म्हणून नोंदीतील कारण कोणाच्या तरी घाईच्या शब्दांत जाऊ नये, असा माझा आग्रह असतो. वैशालीने ते चार वेळा खोडून लिहिले होते.

वर्षभराने ती पुन्हा आली, तेव्हा तिला रडायचे नव्हते. तिचा भाऊ थॅलेसेमियाचा, म्हणजे आईवडिलांकडून मुलांकडे येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, वाहक असल्याचे निदान झाले होते, म्हणून तिने स्वतःची तपासणी करून घेतली होती आणि तीही वाहक निघाली होती. बाळाच्या फाइलमध्ये ही माहिती जायला हवी, एवढेच तिचे म्हणणे होते. तिने लिहिलेले पत्र अहवालासह मी दत्तकाचे काम पाहणाऱ्या संस्थेत नेऊन दिले आणि पोचपावती तिच्या हातात ठेवली. तिने तारीख नीट वाचली, शिक्का उमटला आहे ना ते पाहिले आणि पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.